रानडे यांचा हिशेब : विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि मराठी ग्रंथनिर्मिती

माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाची नोंद ठेवणे ही विद्यापीठीय विभागांची आता नित्याची जबाबदारी झाली आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची स्थापना १९९४ साली झाली. तिच्या अहवालांत माजी विद्यार्थ्यांविषयीचे रकाने भरावे लागतात, म्हणून ही नोंद अधिक नियमितपणे होऊ लागली. कोणाचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, कोणास पुरस्कार लाभला, कोणाचा प्रबंध ग्रंथरूपाने आला, अशा याद्या विभागांच्या वार्षिक वृत्तान्तांत आणि स्मरणिकांत वाचावयास मिळतात. अशा यादीत काय मोजले जाते आणि काय निसटते, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही. मराठीच्या संदर्भात तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता, आणि तो उपस्थित करणारा पुरुष स्वतः विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, किंबहुना पहिल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ साली मराठी साहित्याच्या वाढीसंबंधी जे इंग्रजी टिपण लिहिले, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

हे टिपण सामान्यतः वाङ्मयेतिहासाचे साधन म्हणून उल्लेखिले जाते. त्याचा खरा रोख मात्र विद्यापीठाकडे आहे. रानडे यांचा या विषयाशी संबंध जुना होता. १८६४ पर्यंतच्या मराठी प्रकाशनांचा आढावा त्यांनी तरुणपणीच घेतला होता. १८६६ मध्ये सरकारी मराठी भाषांतरकार म्हणून नेमणूक झाल्यावर नव्या मराठी पुस्तकांचे परीक्षण हे त्यांचे कामच झाले. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये छापील पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली आणि तीस वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या. चरित्र, नाटक, कादंबरी, इतिहास, वैद्यक, कायदा अशी वर्गवारी करून कोणत्या क्षेत्रात मराठी पुढे गेली आणि कोणत्या क्षेत्रात ती दरिद्री राहिली, हे त्या आधारे पाहता आले. ग्रंथसंख्येवरून वाङ्मयाचे आरोग्य तपासण्याची ही पद्धत आज प्राथमिक वाटेल. पण मराठीत तिला पूर्वपरंपरा जवळजवळ नव्हती. या हिशेबामागे जो व्यावहारिक प्रश्न होता तो असा की, मराठीला उच्च परीक्षांतून वगळून मुंबई विद्यापीठाने आपल्याच पदवीधरांना मराठी लेखनापासून दूर लोटले नाही काय?

प्रश्नाची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. १८६२ साली तेथील पहिले बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. वागळे वकिलीकडे वळले, मोडक शिक्षणखात्यात गेले. भांडारकरांची कीर्ती जगभर झाली. १८८४ चा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ, १९१३ चा वैष्णव व शैव पंथांवरील ग्रंथ ही त्या कीर्तीची स्मारके होत. १८७७ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत त्यांनी संस्कृतपासून मराठीपर्यंतच्या भाषापरंपरेचा जो विचार मांडला, तो मराठी भाषाभ्यासाचा एक पाया आहे. तथापि तोही इंग्रजीत मांडलेला आहे, आणि ती व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ साली आली. पहिल्या चौघांपैकी एकही मराठीचा ग्रंथकार म्हणून आज ओळखला जात नाही.

कलकत्त्याकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक टोचते. कलकत्ता विद्यापीठाच्या १८५८ च्या पहिल्या दोन पदवीधरांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. सात वर्षांनी, १८६५ मध्ये, त्यांची 'दुर्गेशनंदिनी' प्रसिद्ध झाली आणि बंगाली कादंबरीचा प्रवाह सुरू झाला. एका व्यक्तीच्या प्रतिभेवरून दोन विद्यापीठांची तुलना करणे अर्थातच धोक्याचे आहे. कलकत्त्याचेही इतर पदवीधर काही घाऊकपणे बंगाली लिहीत नव्हते. तरीही पहिलाच पदवीधर मातृभाषेचा पहिला मोठा कादंबरीकार व्हावा, याने तेथील सुशिक्षितांपुढे जो आदर्श उभा राहिला, तसा मुंबईत राहिला नाही, हे मान्य करावे लागते.

विशेष म्हणजे विद्यापीठापूर्वीची पिढी अशी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. परशुरामपंत गोडबोल्यांचे 'नवनीत' १८५४ चे. या मंडळींपैकी काहींना इंग्रजी विद्या उत्तम अवगत होती. पण शिकलेले मराठीत उतरवणे हा त्या विद्येचाच भाग मानला जात होता. विद्यापीठाच्या आरंभीच्या नियमांत देशी भाषांना काही स्थान होते. पुढे, साठोत्तर दशकात, पदवीच्या अभ्यासक्रमातून त्यांना बाजूला सारण्यात आले आणि दुसऱ्या भाषेची जागा संस्कृतादी अभिजात भाषांना मिळाली. हेतू वाईट नव्हता. देशी भाषांत उच्च अभ्यासास योग्य असे वाङ्मय नाही आणि अभिजात भाषांच्या अभ्यासाने विद्यार्थ्यांची बुद्धी अधिक घडेल, अशी धारणा त्यामागे होती. परिणाम असा झाला की, ज्ञानेश्वर, तुकाराम, मोरोपंत हे लेखक पदवीधराच्या औपचारिक अध्ययनात आलेच नाहीत. जो तरुण शेक्सपिअर आणि कालिदास यांच्यावर उत्तरपत्रिका लिहून बाहेर पडे, त्याला एकनाथाची ओवी शास्त्रशुद्ध रीतीने वाचण्याचा प्रसंगच आलेला नसे. वाङ्मय नाही म्हणून अभ्यास नाही, आणि अभ्यास नाही म्हणून वाङ्मय नाही, असे हे चक्र होते. रानडे यांनी तीस वर्षांच्या ग्रंथसंख्येचा आधार घेतला तो या चक्राचा पहिला दुवा तोडण्यासाठी. मराठीत अभ्यासण्याजोगे काही नाही, हे विधान आता तपासून पाहता येत होते.

पदवीधरांनी मराठीला काहीच दिले नाही, असे मात्र नव्हे. जे दिले त्याचे स्वरूप काहीसे अनपेक्षित आहे. ललित ग्रंथांच्या यादीत त्यांची नावे विरळ आढळतात. महादेव मोरेश्वर कुंटे यांचे 'राजा शिवाजी' हे १८६९ चे दीर्घकाव्य आरंभीच्या पदवीधरांच्या काव्यलेखनाचा ठळक नमुना होय. त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या काव्यगुणांहून अधिक आहे. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ साली प्रसिद्ध केले आणि त्यामुळे ते युरोपात परिचित झाले. लेसिंगच्या नाटकाचा 'शहाणा नेथन' हा त्यांचा मराठी अवतार आणि 'स्थानिक राज्यव्यवस्था' हे पुस्तक मात्र आज वाङ्मयेतिहासाच्या तळटीपांत राहिले आहे. आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका' १८९१ ची. तिच्यामुळे शेक्सपिअरची सुखात्मिका मराठी रंगभूमीवर खेळकरपणे वावरू लागली. ही सर्व भाषांतरे किंवा रूपांतरे आहेत. वर्गात जे वाचले ते घरी आणले, असे त्यांचे स्वरूप आहे.

पदवीधरांचे खरे बळ दोन वेगळ्या ठिकाणी प्रकटले. त्यांतील पहिले ठिकाण म्हणजे जुन्या मराठीचे संपादन. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हे दोघेही बी. ए. होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. साने यांनी बखरी आणि ऐतिहासिक कागद छापले, मोडकांनी जुनी कविता. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर यांसारखे ग्रंथ सामान्य वाचकाच्या आणि पुढे अभ्यासकाच्या हाती आले ते या मासिकामुळे. या कामाला कोणी पदवी देत नव्हते, त्यात अर्थप्राप्ती फारशी नव्हती, आणि संपादक म्हणून नाव होण्याचा मानही त्या काळी मोठा नव्हता. विद्यापीठाने जो अभ्यास नाकारला होता, तो त्याच्याच दोन विद्यार्थ्यांनी वर्गणीदारांच्या जोरावर चालविला. आज मध्ययुगीन मराठी गद्याचा पदव्युत्तर अभ्यास ज्या संहितांवर उभा आहे, त्यांतील बऱ्याच प्रथम येथे छापल्या गेल्या, हे विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते.

हाच धागा पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापर्यंत जातो. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेल्या राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे रानडे यांच्या टिपणाच्याच वर्षाचा. एकूण २२ खंड निघाले. संशोधन मराठीतच लिहावयाचे, हा राजवाड्यांचा हट्ट सुपरिचित आहे. त्या हट्टाचा तोटाही झाला. त्यांचे व्याकरणविषयक आणि समाजशास्त्रीय सिद्धान्त मराठीबाहेर फारसे पोहोचले नाहीत, आणि त्यांतील दोषांची कठोर तपासणीही वेळीच झाली नाही. पण १९०९ मधील ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीचे संपादन आणि तिच्या भाषेचे व्याकरण यांनी मराठीतच मराठीचा शास्त्रीय अभ्यास होऊ शकतो, हे प्रत्यक्ष दाखवून दिले. विद्यापीठाचे दार उघडावे म्हणून रानडे इंग्रजीत युक्तिवाद करीत होते. राजवाडे त्या दाराकडे पाठ फिरवून बसले होते. दोघांचे कार्य एकाच दिशेचे होते, हे उशिरा उमगले.

पदवीधरांच्या बळाचे दुसरे ठिकाण म्हणजे नियतकालिकांतील गद्य. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लिहिला. सात वर्षांत ८४ अंक निघाले. इंग्रजी निबंधाची बांधणी, संस्कृतप्रचुर शब्दकळा आणि बोलीतील उपरोध यांचे जे मिश्रण त्यांनी साधले, त्याने मराठी गद्याला स्वतःचा आवाज दिला. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली त्यांची 'वाक्यमीमांसा' आणि त्यांचे सामाजिक निबंध शेजारी ठेवून वाचले असता, तर्कशास्त्राचा विद्यार्थी मराठी वाक्य कसे घडवतो हे पाहता येते. टिळकांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पंडितांसाठी लिहिलेले त्यांचे 'ओरायन' (१८९३) आणि आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथ (१९०३) इंग्रजीत. 'गीतारहस्य' (१९१५) मात्र मराठीत. मधल्या काळात वर्तमानपत्राच्या अग्रलेखांनी त्यांची मराठी कसदार केली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

येथे ग्रंथसंख्येच्या हिशेबाची मर्यादा स्पष्ट होते. 'निबंधमाले'चा अंक हे सरकारी नोंदीच्या दृष्टीने पुस्तक नव्हे, आणि 'सुधारका'तील निबंध तर नव्हेच. पदवीधरांनी मराठीला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट पुस्तकांच्या यादीत पूर्णपणे बसत नव्हती.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. याच काळातील श्रेष्ठ मराठी लेखनाचा मोठा भाग पदवी नसलेल्यांच्या हातून झाला. हरि नारायण आपटे डेक्कन आणि फर्ग्युसन या दोन्ही महाविद्यालयांत शिकले, पण गणिताने त्यांना पदवी मिळू दिली नाही. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली तेव्हा तिचा कर्ता विद्यापीठाच्या लेखी अनुत्तीर्ण होता. केशवसुत मॅट्रिकपुढे गेले नाहीत. किर्लोस्कर आणि देवल पदवीधर नव्हते. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' संपादित केला, तो मिरजेत संस्कृतचे अध्यापन करीत असताना. शंकर बाळकृष्ण दीक्षित मॅट्रिक झालेले शिक्षक. त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा १८९६ चा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वत्तेचे शिखर मानावा अशा योग्यतेचा आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर भारत सरकारला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करवून घ्यावे लागले, यातच त्याचे मोल कळते. स्त्रियांचा तर प्रश्नच वेगळा. काशीबाई कानिटकर, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांपैकी कोणाजवळही पदवी नव्हती. पण १९१० मधील 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' यांच्या तोडीचे आत्मकथन पदवीधर पतींच्या पिढीकडून आले नाही. न्यायमूर्तींच्या घरातच हिशेबाची दुसरी बाजू लिहिली जात होती.

आणि जोतीराव फुले. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण १८८५ मध्ये फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे ग्रंथकार शूद्रातिशूद्रांचे मनुष्यत्व मान्य करीत नाहीत त्यांच्या सभेत आपल्या लेखनाला स्थान असू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्याआधी 'निबंधमाले'ने फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली होती. पदवीने दिलेला भाषेचा अधिकार येथे कुंपणासारखा वापरला गेला. 'निबंधमाले'चे गद्यातील श्रेय मान्य करताना ही गोष्ट झाकता येणार नाही. आणि 'गुलामगिरी'चे (१८७३) गद्य त्या कुंपणाबाहेरचे असूनही आज पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आहे, हीही नोंद केली पाहिजे.

रानडे यांच्या स्वतःच्या लेखनाकडे पाहिले असता एक विसंगती जाणवते. मराठीसाठी आयुष्यभर झगडणाऱ्या या माणसाचा मुख्य ग्रंथ, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील, १९०० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांची मराठी धर्मपर व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती निधनानंतर. ज्या सिनेटला पटवून द्यावयाचे ती इंग्रजी जाणत होती, हे याचे एक कारण. दुसरे असे की, विद्यापीठाने घडवलेल्या ज्या सवयीविरुद्ध रानडे बोलत होते, त्या सवयीचे ते स्वतः पहिले उदाहरण होते. यामुळे त्यांच्या युक्तिवादाचे बळ कमी होत नाही. उलट त्यांच्या चरित्रानेच तो सिद्ध होतो.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. एम. ए. च्या परीक्षेत मराठीला स्थान देण्याचा निर्णय, ज्यासाठी ते झटले, त्याच वर्षी झाला. या निर्णयाचा लाभ प्रथम समीक्षेला आणि संशोधनाला झाला. सर्जनशील लेखकांची मोठी फळी मराठी विभागांतूनच बाहेर पडेल, ही अपेक्षा मात्र पूर्णतः खरी ठरली नाही. बा. सी. मर्ढेकर, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे हे तिघेही इंग्रजीचे अध्यापक. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार 'उद्या' या कादंबरीला जाहीर झाला; तिचे लेखक नंदा खरे मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेले स्थापत्य अभियंता होते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला तो अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात. परत येऊन त्यांनी उभा केला तो २३ खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश'. मराठी विभागाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत यांपैकी कोणाचे नाव येणार नाही, आणि ज्या विभागाच्या यादीत येईल तेथे मराठी ग्रंथाची नोंद बहुधा गौण ठरेल.

यादीतून निसटणाऱ्या लेखनाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण मुंबई विद्यापीठाच्याच एका पदवीधराचे आहे. भीमराव रामजी आंबेडकर यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये बी. ए. ची परीक्षा दिली. पुढील पदव्यांशी निगडित असलेले त्यांचे ग्रंथ, रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ चा, इंग्रजीत आहेत आणि लंडन व कोलंबिया येथील विद्यापीठांच्या श्रेयात जमा होतात. त्यांची मराठी आहे ती ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'त आणि १९२७ मध्ये सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'त. दुसऱ्या पत्राचा बहुतेक मजकूर ते एकहाती लिहीत. संत-पंडितांच्या वचनांपासून कायद्याच्या कलमांपर्यंत सर्व काही एका अग्रलेखात पेलणारे हे गद्य 'निबंधमाला' आणि 'सुधारक' यांच्या परंपरेशी जवळीक सांगते, आणि तिने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या बाजूने बोलते. अंक त्या काळी तुटपुंज्या वर्गणीवर निघाले, वाचले गेले आणि विखुरले. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले ते १९९० साली. त्यानंतरच ग्रंथालयांच्या तालिकांत आणि मराठी विभागांच्या संदर्भसूचींत पुस्तक म्हणून त्यांची नोंद होऊ लागली.